जुन्या ट्रकच्या इंजिनाची तपासणी: आडगाव नाक्यावरील मिस्त्रींचा अनुभव

कांद्याच्या वाहतुकीसाठी जुना सहाचाकी ट्रक घेण्याचे ठरल्यावर आम्ही त्याचे इंजिन नाशिकच्या आडगाव नाका परिसरातील एका डिझेल मिस्त्रींकडून तपासून घेतले. गरम इंजिन बरेच दोष लपवते, म्हणून ट्रक आधी सुरू करू नये असे त्यांनी विक्रेत्याला आदल्या दिवशीच बजावले होते. सकाळी ब्लॉकला हात लावून तो थंड असल्याची खात्री केली आणि मगच सेल्फ मारला.

सुरुवातीचा पांढरा धूर लवकर विरला, परंतु इंजिन तापल्यावर रेस करताच निळसर धूर दिसू लागला, म्हणजे ऑइल जळत होते. ऑइलचे झाकण काढले असता आतून जोराने वाफ येऊ लागली, ज्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे सिलिंडरमधला दाब झिजलेल्या पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली गळतो. निळा धूर टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचे) सील गेल्यानेही येतो, त्यामुळे घाईने निष्कर्ष न काढता त्यांनी इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, गेजने मोजले, तेव्हा दोन सिलिंडर इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी भरले. त्यांची ही चिकाटी मला सर्वांत मोलाची वाटली. डिपस्टिकवरील ऑइल मात्र दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळल्याची खूण नव्हती.

लेखी अहवाल मिळत नाही, ही या सेवेतील उणीव आहे. मुंबईहून परतताना भरल्या गाडीने कसारा घाट चढायचा असल्याने, पिस्टन रिंग आणि लायनर बदलल्याशिवाय हा ट्रक घेऊ नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि आम्ही तो व्यवहार सोडून दिला.