लाकडी प्लँट प्रेस: कणकुंबीच्या पावसात सहा महिने

जून ते नोव्हेंबर हा प्रेस, म्हणजे वनस्पतींचे नमुने कागदांत दाबून वाळवायची चौकट, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या सदाहरित रानात वापरला. वैदूंबरोबर औषधी वनस्पती बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटांना घ्यायचा असेल, तर आधी हे वाचा.

फोटो असताना प्रेस कशाला, हा प्रश्न हमखास येतो. शंखपुष्पी म्हणून कुणी विष्णुक्रांता दाखवतं, कुणी गोकर्णीचा वेल. वहीत नुसतं ‘शंखपुष्पी’ लिहून आणलंत तर नंतर कुणालाच काही ठरवता येत नाही. फुलाफळासकट वाळवलेला, क्रमांक लावलेला नमुना हाच पुरावा.

चौकट 45 बाय 30 सेंमीची, सागवानी पट्ट्यांची. ती उत्तम टिकली. प्लायवूडची घेऊ नका, ओलीने थर सुटतात. लोखंडी स्क्रू दोन महिन्यांत गंजले आणि त्यांचे डाग कागदावर उतरले. पितळी बसवून घ्या, सुताराचं तासाभराचं काम आहे.

खरी कटकट वाळवण्याची. उन्हाळ्यात आठवड्यात तयार होणारा नमुना इथे जुलैत उष्णतेशिवाय पंधरा दिवसांतही वाळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते, पानं काळी पडून देठापासून गळतात. पहिल्या दिवशी कागद दोनदा बदलायचा, पुढे रोज. साधं वर्तमानपत्रच वापरा. रविवारची चकचकीत पुरवणी पाणी शोषत नाही, तिच्यात नमुना नुसता उकडतो. दर दोन नमुन्यांमागे नालीदार पुठ्ठा हवा, नाल्या रुंदीच्या दिशेने. मग प्रेस लांब कडेवर उभा करून खालून 100 वॅटच्या साध्या बल्बची ऊब द्यायची, म्हणजे गरम हवा नाल्यांतून वर जाते. आडवा ठेवला तर खालचे करपतात, वरचे ओलेच राहतात. एलईडी दिव्याचा इथे काही उपयोग नाही. चुलीवर टांगण्याचा सल्ला गावोगाव मिळेल. धूर बसतो, पानं ठिसूळ होतात. नमुना देठाला धरून उचलल्यावर वाकत नसेल आणि गालाला गार लागत नसेल, तर तो वाळला.

वीज गेली की बल्बही गेला, आणि पावसात ती जातेच. तेव्हा 95 टक्के स्पिरिट 740 मिली घेऊन पाणी घालून 1 लिटर करा, म्हणजे साधारण 70 टक्क्यांचं द्रावण होतं. कागदात गुंडाळलेले नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर ते ओता, कागद नीट भिजू द्या आणि तोंड घट्ट बांधा. काही आठवडे बुरशी येत नाही. रंग मात्र जातो, आणि असा नमुना डीएनए किंवा रासायनिक तपासणीला बाद. आगीपासून लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

कंद उभा चिरून मगच दाबा. निवडुंगासारखं रसाळ काही असेल तर मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा, नाहीतर ते प्रेसमध्येही जगतं आणि पानं गाळतं.

प्रेसमध्ये जे टिकत नाही ते जागीच वहीत उतरवा: फुलाचा रंग, चीक, वास. नरक्याचंच घ्या. त्याचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फेटिडा, फेटिडा म्हणजे घाण वासाची. वाळलेल्या फांदीवरून तो वास कळणार नाही. कर्करोगावरच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी हे झाड आधीच फार तोडलं गेलंय. वीतभर फांदी पुरे, साल सोलू नका. भीमगड अभयारण्यात (2011 पासून) तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही.

प्रेससोबत आलेले सुती पट्टे पावसात बुरसले आणि ताठ झाले. नायलॉनचे लावले, तर नमुने सुकून गठ्ठा बसतो तसे ते बकलातून सरकतात, म्हणून रोज कागद बदलताना पुन्हा आवळावे लागतात. तरी नायलॉनचेच घ्या.