व्हीपीएनवर सॉफ्टफोन अडतोय: टनेल बदलावा, की फोनच बाहेर काढावा?

नऊ जणांचं ऑफिस. टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे कोपऱ्यातल्या पीसीवर चालणारं ॲस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर. पाच जण घरून काम करतात, लॅपटॉपवर सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं ॲप, आणि ऑफिसच्या नेटवर्कात शिरायला ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंत जाणारा खाजगी बोगदा, टनेल. असा सेटअप सांभाळणाऱ्या कुणाचा तरी मला अधूनमधून फोन येतो, अर्थात साध्या मोबाइलवरून: "फोन कनेक्टच होत नाहीये, व्हीपीएन बदलून टाकू का?"

बदलायच्या आधी एवढंच बघा: सॉफ्टफोन एक्स्चेंजकडे रजिस्टरच होत नाही, म्हणजे त्याची नोंदच लागत नाही, की रजिस्टर होतो, रिंग वाजते आणि आवाज येत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत. रजिस्ट्रेशन आणि रिंग सिपच्या, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेच्या, संदेशांवर चालतात, बहुतेक ठिकाणी 5060 पोर्टवर. आवाज जातो आरटीपीच्या पॅकेट्समधून, वेगळ्याच यूडीपी पोर्ट्सवरून. (यूडीपी म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत; टीसीपी ते पुन्हा पाठवते.) ॲस्टरिस्कमध्ये ही रेंज सहसा 10000 ते 20000 असते. फायरवॉलमध्ये नुसता 5060 उघडला असेल तर रिंग झकास वाजते आणि पुढे दोन्हीकडून नुसतं "हॅलो, हॅलो".

आहे तेच दुरुस्त करायचं

याला पैसे लागत नाहीत, आणि बरेचदा काम इथेच संपतं. म्हणून दुसऱ्या पर्यायांकडे वळायच्या आधी यावर एक दुपार खर्च करा.

रजिस्टर होत नसेल तर पहिला संशय पत्त्यांवर. घरच्या राउटरचं नेटवर्क 192.168.1 चं, ऑफिसचंही 192.168.1 चंच. एक्स्चेंज 192.168.1.10 वर आहे असं सॉफ्टफोनला सांगितलं, की तो बिचारा ते घरातच शोधत बसतो. टनेलकडे फिरकतही नाही. पाच घरांचे राउटर बदलत हिंडण्यापेक्षा ऑफिसचं नेटवर्क एकदाच 10.47.12 अशा कुणाच्या घरी नसलेल्या पट्ट्यात हलवा. दुसरं कारण अगदीच साधं: सॉफ्टफोन विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो आणि व्हीपीएन नंतर जोडलं जातं. काही सॉफ्टफोन मग घरचाच जुना पत्ता धरून बसतात. बंद करून पुन्हा उघडला की चालतो.

एका ठिकाणी पाचही जणांचे फोन एकदम गेले होते. व्हीपीएन सर्व्हर नॅट करत, म्हणजे सगळ्यांच्या पत्त्याजागी आपलाच पत्ता लावत असल्यामुळे एक्स्चेंजला सगळे एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसत होते. एकाने पासवर्ड चार वेळा चुकवला, चुकीचे पासवर्ड देणाऱ्यांना अडवणाऱ्या फेलटूबॅन या प्रोग्रॅमने तो पत्ताच बंद केला, आणि बाकीचे चौघेही बाहेर. दोन तास मी राउटर तपासत होतो.

रजिस्टर होतो पण आवाज नाही, किंवा कॉल बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला तुटतो? मग ॲस्टरिस्कच्या नॅट सेटिंग्जमध्ये जा. सिप ट्रंकसाठी, म्हणजे टेलिफोन कंपनीशी असलेल्या जोडणीसाठी, तिथे ऑफिसचा पब्लिक पत्ता दिलेला असतो. पण व्हीपीएनचं नेटवर्क, म्हणजे 10.8.0.0/24 किंवा तुमचं जे असेल ते, 'लोकल नेट'च्या यादीत घालायचं राहून गेलेलं असतं. मग एक्स्चेंज घरच्या फोनला परका समजतं आणि "आवाज या पब्लिक पत्त्यावर पाठव" असं सांगतं. फोन आज्ञाधारकपणे पाठवतो, ती पॅकेट्स टनेलबाहेरून ऑफिसच्या राउटरवर जाऊन आपटतात. कॉल उचलल्यावर फोनने द्यायची पोचही तिकडेच हरवते. एक्स्चेंज 32 सेकंद तिची वाट बघतं आणि कॉल तोडतं. हा आकडा सिपच्या नियमांतूनच येतो, त्यामुळे तो दिसला की समजायचं, पत्त्यात घोळ आहे. आणि घरचे दोघे ऑफिसशी नीट बोलतात, पण एकमेकांशी बोलताना आवाज गायब होत असेल, तर 'डायरेक्ट मीडिया', म्हणजे फोननी आवाज एकमेकांना थेट पाठवायची सोय, बंद करा.

व्हीपीएन बदलायचं: ओपनव्हीपीएन की वायरगार्ड

वरचं सगळं ठीक आहे, कॉल लागतो, पण आवाज तुटतो, रोबोटसारखा येतो? आता टनेल बदलायचा प्रश्न खरा झाला. ओपनव्हीपीएन टीसीपी 443 वर चालवलं असेल तर दोष तिथेच आहे असं मी न बघता म्हणेन. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांग खोळंबते. फाइल उतरवताना हे चालतं. आवाजात दर 20 मिलिसेकंदांनी एक पॅकेट येतं आणि उशिरा आलेलं पॅकेट फेकूनच द्यावं लागतं. आयटीयूच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. टीसीपीच्या टनेलात खराब वायफायवर तो सहज ओलांडला जातो.

तेच ओपनव्हीपीएन यूडीपी 1194 वर आणलं तरी मोठा फरक पडतो. नव्याने उभारत असाल तर माझं मत वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला. 2020 पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, कॉन्फिगरेशन दहाबारा ओळींचं, आणि ते यूडीपीवरच चालतं. घरच्या राउटरने वाट बंद करू नये म्हणून 25 सेकंदांचा कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत ठेवणारा इशारा, तेवढा घाला, नाहीतर बाहेर जाणारे कॉल लागतात आणि येणारे वाजत नाहीत. खोट दोन बाबतींत. युजरनेम-पासवर्ड नाही, प्रत्येकाची 'की', म्हणजे गुप्त किल्ली, सांभाळावी लागते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याची किल्ली आठवणीने काढायची. आणि जिथे यूडीपी अडवलेलं असतं तिथे ते चालतच नाही.

बँडविड्थचं भय मात्र बाळगू नका. जी 711 या कोडेकचा, म्हणजे आवाज पॅकेटात भरायच्या पद्धतीचा, एक कॉल साध्या नेटवर 80 किलोबिट, वायरगार्डमधून सुमारे 107. कुणी "आवाज जास्त दाबणारा जी 729 लावा, आठच किलोबिट लागतात" म्हणालं तर ते आठ नुसत्या आवाजाचे. हेडर आणि टनेल धरून प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास जातात. आजच्या फायबरवर त्यासाठी आवाजाचा दर्जा घालवण्यात अर्थ नाही.

फोन व्हीपीएनबाहेर काढायचा

एक्स्चेंज क्लाउडवर असेल तर मुळात फोन व्हीपीएनच्या आत का आहे? सगळा ट्रॅफिक व्हीपीएनमधून नेणाऱ्या सेटअपमध्ये आवाज घरातून ऑफिसात, तिथून क्लाउडवर आणि त्याच वाटेने परत असा हेलपाटा घालतो. स्प्लिट टनेल लावा: ऑफिसच्या फाइल्स व्हीपीएनमधून, फोन थेट.

एक्स्चेंज ऑफिसातच असेल तर त्याचा 5060 थेट इंटरनेटवर उघडू नका. पोर्ट हुडकणारे स्कॅनर तिथे दिवसरात्र फिरत असतात. एक कच्चा पासवर्ड सापडला, की रात्रीतून परदेशी नंबरांवर कॉल होतात आणि बिल तुम्हाला येतं. पुढे एसबीसी, म्हणजे एक्स्चेंजच्या दारातला पहारेकरी, ठेवा; सिप टीएलएसवर म्हणजे कुलूपबंद करून 5061 वर, आणि आवाज एसआरटीपीने, म्हणजे आरटीपीच्या कुलूपबंद रूपाने. टीएलएसचा एक फायदा असा, की घरच्या राउटरमधलं सिप एएलजी नावाचं आगंतुक संदेशांत हात घालू शकत नाही. (व्हीपीएनमध्येही ते गप्पच असतं, हे व्हीपीएनच्या बाजूने सांगायला हवं.) पण एसबीसी म्हणजे सांभाळायला आणखी एक मशीन आणि मुदत संपणारं प्रमाणपत्र. माणसं मोबाइलवरून, फिरतीवर बोलणारी असतील किंवा संख्या वीसपंचवीसच्या पुढे असेल तरच हा उद्योग परवडतो.

त्या नऊ जणांच्या ऑफिसात आम्ही आधी नेटवर्कचे पत्ते बदलले, लोकल नेट दुरुस्त केलं आणि मग वायरगार्ड लावलं. एसबीसी नाही. टीसीपीचं जुनं प्रोफाइल मात्र एका लॅपटॉपवर राहू दिलं आहे. त्यांचा वसुलीवाला महिन्यातून दोनदा ज्या लॉजवर उतरतो, तिथल्या वायफायवर यूडीपी चालत नाही.