नॅस कुठे जोडायचं: मुख्य युनिटला, सॅटेलाइटला की स्विचला?

मेश राउटर (घरभर वाय-फाय पसरवणारी दोन-तीन युनिट्स: इंटरनेटच्या तारेला जोडलेलं ते मुख्य, बाकीची सॅटेलाइट) आणि नॅस (घरातल्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइल ठेवायची हार्ड डिस्कची पेटी) दोन्ही घरात आलं की पहिला प्रश्न जागेचा. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की ५०० चा, इथे त्याने फरक पडत नाही. लॅपटॉपवरची फाइल नॅसवर जाते ती घरातल्या घरात. वेग ठरतो तो मधल्या वाटेवर. तुलनेला एकच माप धरू: लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, मिळून १०० जीबी.

मुख्य युनिटला

हॉलमध्ये फायबर येतं तिथेच मेशचं मुख्य युनिट, आणि त्याच्या गिगाबिट पोर्टला नॅस. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस; आठ एमबीपीएसचा सेकंदाला एक एमबी होतो, म्हणून कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात साधारण ११०. लॅपटॉपही केबलवर असेल तर १०० जीबी पंधरा मिनिटांत उरकतं. त्याच खोलीत चांगल्या वाय-फाय ६ वर पंचवीसेक मिनिटं धरा. गैरसोय एकच: हार्ड डिस्कची घरघर टीव्हीशेजारी ऐकत बसायची.

सॅटेलाइटला

आवाज नको म्हणून बरेच जण नॅस आतल्या खोलीत नेतात आणि तिथल्या सॅटेलाइटला केबलने जोडतात. केबल दिसते म्हणून सगळं वायर्ड वाटतं, पण सॅटेलाइट आणि मुख्य युनिट एकमेकांशी हवेतूनच बोलत असतात. दोन बँडच्या मेशमध्ये हॉलमधला लॅपटॉप आणि सॅटेलाइट, दोघांनाही ५ गिगाहर्ट्झचा तोच चॅनेल वाटून घ्यावा लागतो, म्हणजे वेग निम्म्यावर. त्यात मध्ये ९ इंची विटेची भिंत किंवा आरसीसीचा कॉलम आला, तर सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी चांगलं म्हणायचं. तेच १०० जीबी मग जवळपास तासभर घेतं. बॅकहॉलला, म्हणजे सॅटेलाइट आणि मुख्य युनिटमधल्या जोडणीला, वेगळा बँड देणारा ट्राय-बँड मेश बराच सुसह्य असतो, पण महाग पडतो.

याला एक खरा अपवाद आहे. नॅस वापरणारी व्यक्ती त्याच खोलीत काम करत असेल आणि तिचा कॉम्प्युटर त्याच सॅटेलाइटच्या दुसऱ्या पोर्टला जोडलेला असेल, तर फाइल हवेत जातच नाही. पूर्ण गिगाबिट मिळतं.

केबल ओढून स्विचला

स्वतःचं घर असेल तर माझं मत ठाम आहे: मेश एक पायरी स्वस्त घ्या, पण केबल ओढा. जुन्या केबल टीव्हीचा कन्सील्ड पाइप बहुतेक फ्लॅटमध्ये रिकामा पडलेला असतो, वायरमन त्यातून कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढून देतो. केबल शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. मुख्य युनिटमागे पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा), त्यावर नॅस, कॉम्प्युटर आणि सॅटेलाइटही. बॅकहॉल तारेवर गेला की हवा मोबाइलसाठी मोकळी राहते आणि नॅस कुठल्याही खोलीत ठेवता येतं. भाड्याच्या घरात पहिलाच पर्याय बरा.

२.५ गिगाबिटच्या मागे लागण्याआधी साखळीतली प्रत्येक कडी तपासा. क्यूनॅपच्या टीएस-२६४ या नॅसला तसे दोन पोर्ट आहेत, सिनॉलॉजीच्या डीएस२२३ ला एकच, तोही १ गिगाबिटचा. दोन पोर्ट एकत्र बांधले तरी एकट्या लॅपटॉपचा वेग सहसा वाढत नाही. टीव्हीचं मात्र उलटं: अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे जवळच्या युनिटचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय त्याला जास्त वेग देतं.

मोबाइलच्या ॲपला नॅस सापडत नसेल तर दोघांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) बघा. नॅस १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आणि मोबाइल १९२.१६८.६८ वर, असं दिसलं तर इंटरनेट कंपनीचा डबा आणि मेश दोघेही राउटर बनून बसलेत आणि घरात दोन नेटवर्क झालीत. मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त वाय-फाय देईल. मेशच्या काही सोयी बंद होतील, पण सगळी उपकरणं एका नेटवर्कवर येतील.

आणि कॉपी करताना आकडा सेकंदाला ११ एमबीवर अडकून बसला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएस आहे हे नक्की समजा. टीपी-लिंकच्या डेको ई४ सारख्या स्वस्त मेशचे पोर्टच तेवढे असतात. मेशचे पोर्ट गिगाबिट असतील तर आधी केबल बदलून बघा: आतल्या आठपैकी एक तार जरी तुटली, तरी पोर्ट गुपचूप १०० वर उतरू शकतो आणि मग पंधरा मिनिटांच्या कामाला अडीच तास लागतात.