दुधाच्या शेळ्यांसाठी मिनरल : वीट, शेळी-मेंढी पावडर आणि शेवटी जी टिकली ती

गेल्या दीड वर्षात माझ्या सहा दुधाच्या शेळ्यांना मी तीन प्रकारचं मिनरल, म्हणजे चाऱ्याबरोबर द्यायचे क्षार, देऊन बघितलं. आधी चाटायची वीट, मग शेळ्या-मेंढ्या दोघांसाठी म्हणून मिळते ती पावडर, आणि आता फक्त शेळ्यांसाठीची सुटी पावडर. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पिशवी कुठलीही घेतली तरी मागचं लेबल वाचायची रीत एकच, आणि पहिले कित्येक महिने मी ते लेबल वाचलंच नव्हतं, पुढचा फोटो बघून घेत होते.

पहिली वीट. दोन किलोची, लाल, मधे भोक असलेली, दोरीने टांगायची. शेळ्या येता-जाता चाटायच्या त्यामुळे मला वाटायचं की काम होतंय. एक दिवस सहज काढून काट्याला लावली तर दोन महिन्यांनी १ किलो ७०० ग्रॅम शिल्लक! म्हणजे ३०० ग्रॅम गेलं, सहा शेळ्या, साठ दिवस, भागाकार केला तर एका शेळीच्या पोटात दिवसाला एक ग्रॅमसुद्धा जात नव्हतं. आणि त्या विटेत बहुतांश मीठच. सुट्या पावडरीवर मोठ्या शेळीला १० ते २० ग्रॅम रोज असं लिहिलेलं असतं त्याच्यापुढे हे काहीच नाही. गाईची जीभ मोठी आणि खरखरीत असते, ती वीट घासून घासून खाते. शेळीची जीभ मऊ, तिला तेवढं जमत नाही, मग ती कडेने दात लावते आणि ते दातांना वाईट. शिवाय लाल रंग बघून वाटतं काहीतरी ताकदीचं असेल, तो रंग बऱ्याचदा आयर्न ऑक्साइडचा असतो, आणि लोहाची कमी शेळ्यांना सहसा नसतेच, उलट जास्त झालेलं लोह तांब्याच्या आड येतं. तर दुधाच्या शेळ्यांना मुख्य मिनरल म्हणून वीट माझ्याकडून नाही.

हे सगळं कळलं ते चंद्रीमुळे. काळीभोर शेळी, तिसरं वेत, सगळ्यात जास्त दूध तिचंच. तिचा काळा रंग हळूहळू विटायला लागला, आधी पाठीवर, मग मांड्यांवर, उन्हात उभी राहिली की चक्क तांबूस दिसायची. केस राठ झाले, टोकाला वळलेले. आणि शेपटीच्या टोकाचे केस झडून मधे फट पडली, दोन्ही बाजूला थोडे थोडे उरले, अगदी माशाच्या शेपटीसारखं. मी आधी जंताचं औषध दिलं कारण जंतानेही शेळी अशीच निस्तेज होते, आणि तुम्हीही पहिल्यांदा तेच बघा, खालची पापणी ओढून आतला रंग बघा, पांढरट दिसला तर आधी जंताचा विचार. चंद्रीची पापणी छान गुलाबी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी शेपूट बघितली, बादली बघितली आणि विचारलं, मिनरल काय देताय. लक्षणं तांबं कमी पडल्याची होती, आणि बादलीच्या आत तपकिरी कडं धरलं होतं, पाण्यात लोह जास्त. चाऱ्यापाण्यात लोह, गंधक, मॉलिब्डेनम जास्त असलं की पोटात गेलेलं तांबंसुद्धा अंगी लागत नाही. म्हणजे वरून मिळत नव्हतं आणि जे मिळत होतं तेही अडत होतं.

मग मी लगेच दुकानातून "शेळी-मेंढी" लिहिलेली पावडर आणली. शेळ्यांनी ती आवडीने खाल्ली, वासही चांगला, बारीक नाही आणि खडेही नाहीत, तक्रार करायला काही नव्हतं. तीन महिने झाले तरी शेपटी तशीच. तेव्हा पहिल्यांदा मागचं लेबल नीट वाचलं, कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, मँगनीज, आयोडीन, कोबाल्ट, सेलेनियम सगळं आहे आणि तांब्याची ओळच नाही. ही कंपनीची चूक नाहीये बरं का, हे लक्षात घ्या. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं, बाहेर लवकर निघत नाही, आणि मग एखाद्या दिवशी एकदम रक्तात उतरतं, रक्तपेशी फुटतात, लघवी लालसर-काळी होते आणि मेंढी वाचत नाही. म्हणून दोघांसाठी एकच पिशवी करायची म्हटल्यावर ते तांबं बाहेरच ठेवतात. मेंढीला ते बरोबर आहे. शेळीला मेंढीपेक्षा बरंच जास्त तांबं लागतं, तिच्यासाठी ती पिशवी अर्धवट पडते. ज्यांच्याकडे दोन्ही एकत्र आहेत त्यांनी शेळ्यांचं मिनरल मेंढ्यांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावं, खरंच, यात हयगय नको.

आता तिसरी, जी मी गेले आठ महिने वापरतेय. फक्त शेळ्यांसाठीची, सुटी, मीठ त्यातच मिसळलेलं. लेबलावर कॅल्शियम १८ टक्के, फॉस्फरस ९ टक्के, तांबं १५०० पीपीएम, सेलेनियम २५ पीपीएम. आकडे मोठे वाटतात पण हिशोब सोपा आहे, पीपीएम म्हणजे एका किलोत तेवढे मिलिग्रॅम. १५ ग्रॅम पावडर दिली तर तांबं गेलं साडेबावीस मिलिग्रॅम. शेळी दिवसाला २ किलो सुकं खाद्य धरून खात असेल तर सगळं मिळून साधारण २० ते ४० मिलिग्रॅम लागतं, त्यातलं काही चाऱ्यातून येतंच. म्हणजे मेळ बसतो. हाच हिशोब विटेचा केला तर हसणं सोडा, रडू येतं.

आकड्याइतकंच ते कुठल्या रूपात आहे हे बघा. तांबं कॉपर सल्फेटचं, म्हणजे आपलं मोरचूद, असेल तर अंगी लागतं, साधी कॉपर ऑक्साइडची पावडर असेल तर बरंचसं लेंडीतून बाहेर. चिलेटेड (म्हणजे अमिनो आम्लासारख्या पदार्थाला बांधलेलं) लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण ते महाग पडतं आणि माझ्या पिशवीत सल्फेट होतं तरी फरक दिसला. (ऑक्साइडच्या बारीक तारांची कॅप्सूल मिळते ती वेगळी गोष्ट, ती पोटात अडकून हळूहळू विरघळते, जंतावरही उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि पावडरीत आधीच भरपूर तांबं असेल तर वरून अजिबात नाही, कारण शेळीलासुद्धा तांबं जास्त होऊ शकतं.)

कॅल्शियमचं जरा जास्त लिहिते कारण दुधाच्या शेळीचं सगळं तिथेच अडतं. शेळीच्या एका लिटर दुधात साधारण १.२ ते १.३ ग्रॅम कॅल्शियम जातं. तीन लिटर देणारी शेळी रोज पावणेचार ग्रॅमच्या आसपास दुधातच देऊन टाकते, आणि खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, म्हणजे तोंडात त्याच्या कितीतरी जास्त जायला हवं. १५ ग्रॅम पावडरीतून येतं २.७ ग्रॅम. त्यामुळे पावडरीवर सगळा भार टाकता येत नाही, चारा तसा लागतो. लसूणघासाच्या एक किलो सुक्या चाऱ्यात १२-१४ ग्रॅम सहज असतं. कोंड्यात उलटं, फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. कॅल्शियम आणि फॉस्फरस दोनास एक असं राहिलं पाहिजे, म्हणून खुराकात कोंडा जास्त असेल तर पिशवीवरचा फॉस्फरस कमी असलेला बरा, आणि लसूणघास भरपूर असेल तर जस्ताकडे लक्ष ठेवा कारण जास्तीचं कॅल्शियम जस्ताला अडवतं, मग कातडीवर खपल्या धरतात, खूर खराब होतात.

बोकडाचं तर विचारूच नका. कोंडा-धान्य जास्त, कॅल्शियम कमी, की मुतखडा ठरलेला. बोकड पाय फाकवून कुंथतोय, थेंब थेंब गळतोय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. काही पावडरींमध्ये नवसागर घातलेला असतो तो लघवी आम्ल राहून खडे होऊ नयेत म्हणून, ती पिशवी बोकडांसाठी, दुभत्या शेळीला तिची गरज नाही.

बाटलीतलं लिक्विड कॅल्शियमही बरेच जण मिनरल समजून रोज पाजतात. ते मिनरल मिक्स्चर नाही. त्यात तांबं, जस्त, आयोडीन, कोबाल्ट यांचा सहसा पत्ता नसतो. व्यायच्या आसपास किंवा दूध चढतं तेव्हा कॅल्शियम खाली आलं, कान गार पडले, पाय लटपटले, चारा सोडला, अशा वेळचं ते औषध आहे आणि तेव्हाही डॉक्टरांना बोलवायचंच. शेळी धड गिळत नसेल तर बाटली तोंडात घालू नका, औषध फुप्फुसात जातं.

आता या तिसऱ्या पावडरीतल्या खटकलेल्या गोष्टी. पिशवीसोबत येणारा मापाचा चमचा. त्यावर १५ ग्रॅम लिहिलंय, मी सपाट भरून स्वयंपाकाच्या काट्यावर टाकला तर २१ आले, तीनदा केलं, २१, २०, २१. सहा ग्रॅमने काय होतंय असं वाटेल पण सेलेनियममध्ये जरुरी आणि विष यांच्यात फार थोडं अंतर असतं. पावडर जास्त, त्यात कोणी सेलेनियमचं इंजेक्शन दिलेलं, वर खुराकातही मिसळलेलं, असं तिहेरी झालं तर शेळी जाऊ शकते. सेलेनियम कमी पडलं तर करडं पाय ताठ करून चालतात, उभी राहत नाहीत, हेही खरं, आणि ते तुमच्या जमिनीत किती आहे त्यावर ठरतं, म्हणून आजूबाजूच्या गोठ्यांत काय दिसतं ते डॉक्टरांना विचारून घ्या. मी तो चमचा फेकला आणि एका छोट्या वाटीला आतून रेघ मारली.

दुसरं म्हणजे पिशवी परत बंद होत नाही. ओल लागली की पावडरीचे गठ्ठे होतात आणि गठ्ठा झाला की शेळ्या तोंड लावत नाहीत, वर त्यातली व्हिटॅमिनं ओलीने आणि उन्हाने लवकर मरतात. झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, आणि घेतानाच पॅकिंगची तारीख बघा, तळाशी पडलेली जुनी पिशवी नको.

आणि ठेवायचं कसं, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. जमिनीवर घमेलं ठेवलं की लेंड्या पडतात आणि लेंडी पडलेलं शेळी खात नाही. भिंतीला छातीच्या उंचीवर पेटी, खाली पाय ठेवायला एक बांधकामाची वीट, पुढचे पाय ठेवून वर मान करतात. एकच पेटी ठेवली तर थोरली तिथून हलत नाही, म्हणून दोन पेट्या, लांब लांब. बाजूला वेगळं मीठ ठेवू नका, मिठासाठीच त्या पावडर खातात, मीठ वेगळं मिळालं की पावडरीकडे बघत नाहीत. पहिल्या आठवड्यात मात्र अधाशासारख्या खातात, तेव्हा रोजचं मोजूनच टाका, मग आपोआप बेतात येतं. माझी सगळ्यात भित्री शेळी पेटीजवळ जातच नव्हती, तिला धार काढताना खुराकात मोजून देते.

फरक किती? दूध एकदम वाढलं असं मी म्हणणार नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जुना विटलेला केस परत काळा होत नाही, नवा उगवतो तो काळा येतो, त्यामुळे दोन-तीन महिने काहीच दिसत नाही आणि माणूस धीर सोडतो. चंद्रीच्या पाठीवर साधारण अकराव्या आठवड्यात मुळाशी काळी रेघ दिसली, वर तांबूस आणि खाली काळं, बोटांनी केस फाकवून मी रोज बघायचे. शेपटीची फट भरायला पाच महिने गेले. यंदा ती व्यायली, दोन करडं, दोन्ही तासाभरात उभी राहून सडाला लागली. मागच्या वेळचं एक मागच्या पायांनी लुळं होतं, तांबं कमी असलेल्या शेळ्यांच्या करडांत हे होतं असं डॉक्टर म्हणाले, आणि ते करडू वाचलं नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

एक अजून. तांबं कमी आहे का हे रक्त तपासून नीट कळत नाही, यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्तात ठीकच दिसतं. खात्री हवी असेल तर यकृताचा नमुना लागतो, म्हणजे कुठली शेळी दुसऱ्या कारणाने गेली तर डॉक्टरांना सांगून नमुना घ्यायला लावा.

पाचपैकी चार देईन, एक त्या चमच्याचा कापला. दुसरी पिशवी परवा उघडली. तांब्याचा आकडा तोच आहे, फॉस्फरस ९ वरून ८ झालाय, मला ते चालतं कारण माझ्या खुराकात कोंडा आहे.