पेटी घेताना भाता बघा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गुढीपाडव्याला पेटी (हार्मोनियम) घरी आणली. माझं वय ४८, त्याआधी कुठल्याही वाद्याला हात लावलेला नव्हता. आई भजनी मंडळात गाते, तिच्या अभंगाला साथ करता यावी एवढीच इच्छा होती. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, डबल रीड (प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर अशा दोन रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पात्या), साधी पेटी. रोज पहाटे पाऊण तास आणि आठवड्यातून दोनदा क्लास, असे आठ महिने झाले. नवीन शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

दुकानात गेल्यावर आपण सगळे सुरांबद्दलच विचारतो. रीड पालिताण्याच्या की दिल्लीच्या, आवाज गोड की कडक. मीही तेच विचारलं. सोबत आलेल्या सरांनी मात्र एकही सूर न वाजवता आधी भाता भरला, सगळे स्टॉपर (हवेची वाट उघडणाऱ्या खुंट्या) उघडले आणि हात सोडून कान लावून बसले. कुठे 'सूं' होतंय का, एखादी पट्टी न दाबताच बोलतेय का, हे ऐकत होते. मग एकच पट्टी दाबून धरली आणि एका भात्यात सूर किती वेळ टिकतो ते पाहिलं. पहिल्या दोन पेट्या त्यांनी बाजूला ठेवल्या, तिसरी घेतली. त्या दिवशी मला ते अती वाटलं होतं. आज मी कुणासोबत गेले तर हेच करीन.

कारण शिकताना खरी परीक्षा डाव्या हाताची असते. उजव्या हाताची बोटं महिनाभर अलंकार घोटले की वळायला लागतात. भात्याला मला तीन महिने लागले. मी प्रत्येक सुराला एक धक्का द्यायचे, त्यामुळे सूर हिंदकळायचा. सरांनी एकदा पेटीचं झाकण काढून आतला भाता दाखवला. बाहेरच्या भात्याने हवा आत जाते, आतला भाता स्प्रिंगांच्या दाबाखाली ती साठवतो आणि तिथून ती सुरांना मिळते. "ताई, हवा आत साठलेली आहे. तुम्ही फक्त ती संपू द्यायची नाही," एवढंच म्हणाले. ते डोळ्यांनी पाहिल्यावर हात आपोआप संथ झाला. प्रत्येक क्लासमध्ये पहिल्याच दिवशी झाकण काढून दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्केल चेंजर घ्यायचा मोह झाला होता. महाग, वजनदार, पण बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून गाण्याचा षड्ज (सा) वर-खाली करायची सोय. सर नको म्हणाले. मी भूप राग शिकले काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून : काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आई गाते काळी चारमध्ये. तिथे भूप लावला तर काळी एक जाऊन पांढरी एक येते, बाकी चार पट्ट्या त्याच! पण काल जो पंचम होता तो आज षड्ज झालेला. पंधरा दिवस डोकं अगदी शिणलं. मग एका पहाटे बोटांनी पट्ट्या मोजणं सोडून सूर शोधायला सुरुवात केली. स्केल चेंजर असता तर मी आजही काळी एकमध्येच अडकलेली असते.

आता तक्रार. दुकानदाराने दोन वर्षं काही बघावं लागणार नाही असं सांगितलं होतं. जुलैत तीन पट्ट्या फुगून अडकल्या, दाबल्या की वरच येईनात. फोन केला तर गणपतीनंतर बघू म्हणाले. शेवटी दुसऱ्या कारागिराने घरी येऊन पट्ट्यांच्या कडा किंचित घासल्या, एका रीडखाली अडकलेला कचरा कागदाच्या पट्टीने काढला. पावसाळ्यात पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, रोज थोडी तरी वाजवा. खोक्यात बंद ठेवलेली पेटी लवकर बिघडते. भात्याचे पट्टेही नीट लावा. उंदराला भात्याचं चामडं आवडतं, हे कारागिराने वेगळं बजावलं.

पेटीची एक मर्यादा मान्य करायलाच हवी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. आणि तानपुरा लावून शांत बसलं की गंधार किंचित चढा लागतो, कारण पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली, त्यामागे हे दोन्ही आक्षेप होते. सहा महिन्यांपूर्वी मला हा फरक कळलाच नसता. आता कळतो, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

कार्तिकीला आईने अभंग घेतला आणि मी साथ केली. दुसऱ्या कडव्यात बोटं चुकली, पण भाता थांबला नाही, सूर धरलेला राहिला. आईने न थांबता पुढची ओळ घेतली आणि मी तिच्यात परत मिसळले.

आता यमन राग सुरू आहे. काळी चारमध्ये तीव्र मध्यम पांढरी दोनवर येतो, पंचमाला अगदी चिकटून, आणि माझं बोट अजून सवयीने त्याला ओलांडून जातं.