‘लव्ह स्टोरी’ नेऊ की ‘अमृतवेल’?

आमच्या वाचनालयात एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. त्यामुळं सेलूच्या या काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी अडून बसतं, “सर, प्रेमाची द्या, पण रडवणारी पाहिजे.” मग मी दोन काढून ठेवतो, एरिक सिगलची ‘लव्ह स्टोरी’ आणि वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’. जिवाभावाचं माणूस दोन्हींत जातं. ते पुस्तकात कुठं जातं एवढं बघून घ्या, मग निवडणं सोपं आहे.

‘लव्ह स्टोरी’ १९७० ची, इंग्रजीतली, जेमतेम एका बैठकीची. पंचविशीतली पोरगी वारली, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. तरी माणूस वाचतच जातो. हार्वर्डमध्ये शिकणारा बड्या घरचा ऑलिव्हर, बेकरीवाल्याची लेक जेनी, बापाशी बिनसलेलं, लग्नानंतरची ओढाताण आणि जरा बरे दिवस आले की आजार. हे कुठंतरी पाहिलंय असं वाटलं तर चूक तुमची नाही. सचिन-रंजीताचा १९७८ चा ‘अखियों के झरोखों से’ यावरच बेतलेला होता.

परभणीला रेल्वेनं अप-डाऊन करणारी बी.एस्सी.ची एक मुलगी इंग्रजी सुधारावं म्हणून हे घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी परत आणलं. “सर, मानवत रोड येईपर्यंत ओढणी ओली झाली. समोरच्या मावशी विचारायल्या, कोण गेलं गं बाई? आता त्यांना काय सांगावं?” इंग्रजी मात्र तिला खरंच जमलं. वाक्यं आखूड आहेत, निम्मं पुस्तक दोघांच्या टोमण्यांतच जातं.

एक निवृत्त गुरुजी उलट टोकाचे. “हे पुस्तक आहे का सिनेमाची जाहिरात?” म्हणून त्यांनी ते काउंटरवर आपटलं. गुरुजी अगदीच चुकले नव्हते. सिगलनं आधी पटकथाच लिहिली होती, कादंबरी नंतर आली. तिकडं अमेरिकेत नॅशनल बुक अवॉर्डच्या परीक्षकांनीही ही कादंबरी यादीत ठेवाल तर राजीनामे देऊ, असं बजावलं होतं. हे ऐकल्यावर गुरुजी दोन दिवस खुशीत होते. मला विचाराल तर पुस्तक लबाड आहे, पण कंटाळवाणं नाही.

‘अमृतवेल’ १९६७ ची. इथं नंदाचा शेखर सुरुवातीलाच गेलेला आहे. पुढं ती मैत्रिणीच्या, वसूच्या घरी राहायला जाते, देवदत्त आणि वसूचा विस्कटलेला संसार बघते आणि आपलं दुःख हेच जगातलं एकमेव दुःख नाही हे तिला हळूहळू उमगत जातं. ही वाचून कुणी हुंदके देत आलेलं मला आठवत नाही. पेन्सिली मात्र फार चालतात. आमच्या प्रतीत एकही प्रकरण कोरं राहिलेलं नाही. नंदाला वडिलांनी लिहिलेलं पत्र तर कुणीतरी ब्लेडनं कापून नेलं. चिडलो, पण शिवी कुणाला देणार? दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून तिथं चिकटवली. आता लोक झेरॉक्सवरही रेघा ओढतात.

तक्रारही कायम एकच, भाषा. उपमेवर उपमा, कुणी साधं बोलतच नाही. कॉलेजची पोरं पहिल्या काही पानांतच कोपरा दुमडून परत देतात, “सर, हे बोलायलेत का भाषण करायलेत?” त्यांच्याशी भांडावं असं मला वाटत नाही. खांडेकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि विशीत कुणाचं ऐकून घ्यायची हौस नसते. अशा पोरांनी सरळ ‘दुनियादारी’ न्यावी. तिच्यात प्रेमापेक्षा कट्टाच जास्त आहे.

माझं मत एका वाचकामुळं पक्कं झालं. जवळच्या खेड्यातले शेतकरी, पन्नाशीचे. मालकीण जाऊन चार महिने झालेले. लेकीनं ‘लव्ह स्टोरी’ची गोष्ट रात्री बसून मराठीत सांगितली. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला स्वतः आले आणि विचारलं, “पुढं काय झालं त्या पोराचं?”

पुढं काही नाहीच. जेनी जाते, बापाच्या मिठीत पोरगा रडतो, पुस्तक संपतं. ऑलिव्हरचं पुढचं आयुष्य सांगायला सिगलनं १९७७ मध्ये वेगळी कादंबरी लिहिली, ती आमच्याकडं नाही. मी ‘अमृतवेल’ दिली. जड जाईल अशी भीती होती. त्यांनी दोन महिने ठेवली, दोनदा तारीख वाढवून घेतली, दंड मी लावला नाही. परत आली तेव्हा झेरॉक्सच्या पानात मोंढ्यातली सोयाबीनच्या मापाची पावती होती. आवडली का, हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “निम्मं कळालं नाही. पण रात्री वाचायला बरं होतं.”

म्हणून घरात कुणी नुकतं गेलं असेल तर ‘लव्ह स्टोरी’ मी हातात देत नाही, मागितली तरी आधी सांगतो. परीक्षा संपलीय, इंग्रजीही वाचायचंय, एक संध्याकाळ रडून मोकळं व्हायचंय, तर तिच्यासारखी दुसरी नाही. ‘अमृतवेल’ला वेळ लागतो. रोज दहा पानं वाचा, उपमा खुशाल गाळा.

सध्या ‘लव्ह स्टोरी’ जागेवर आहे. ‘अमृतवेल’ बाहेर गेलीय, तुमच्या आधी तिघांची नावं आहेत. लिहून ठेवू का?