कण्याची प्लास्टिकची प्रतिकृती: वर्षभराच्या वापरानंतर

राजारामपुरीतील माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकसाठी मी गेल्या वर्षी कमरेच्या हाडांसह येणारी, माणसाच्या कण्याएवढीच मोठी लवचीक प्रतिकृती साडेपाच हजार रुपयांना मागवली. घडण चांगली आहे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके स्पष्ट ओळखता येतात, आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणत येणाऱ्या रुग्णाला गॅप म्हणजे काय ते समजावताना तिचा फार उपयोग होतो. सरकलेली गादी मात्र इतकी भडक लाल आहे की रुग्णाची नजर तिथून हलत नाही.

माझी खरी तक्रार अशी की ही प्रतिकृती फक्त पुस्तकातला कणा दाखवते. सातव्या मानमणक्याला क्वचित फुटणारी जादा बरगडी तिच्यात नसली तर चालेल. पण कित्येकांमध्ये कमरेचा पाचवा मणका एका किंवा दोन्ही बाजूंनी त्रिकास्थीला (कमरेखालचे, एकमेकांना जुळलेल्या मणक्यांचे त्रिकोणी हाड) जुळलेला असतो, तर काहींमध्ये त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहिल्याने कमरेत ६ मणके दिसतात. अशा मणक्याचा कंबरदुखीशी संबंध इटलीच्या डॉक्टर बेर्तोलोत्ती यांनी १९१७ मध्येच जोडला होता. तो असला म्हणजे दुखतेच असे नाही. त्याहून मोठा धोका मोजणीचा आहे, कारण एकाने वरून आणि दुसऱ्याने खालून मणके मोजले तर एमआरआयच्या अहवालातला चौथा मणका आणि शस्त्रक्रियेत हाती घेतलेला चौथा मणका वेगवेगळे निघू शकतात.

मंगळवार पेठेतील तालमीत मेहनत करणाऱ्या एका पैलवानाच्या एक्स-रेमध्ये पाचवा मणका डावीकडे असाच जुळलेला होता. ते त्याला दाखवता येईना, म्हणून मी प्रतिकृतीच्या त्या मणक्याचा डावा आडवा प्रवर्ध (मणक्याच्या बाजूला निघालेला हाडाचा भाग) एम-सील लावून त्रिकास्थीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी कणा वाकवून पाहिला, तेव्हा खालचा सांधा जवळपास जागचा हलला नाही आणि सगळा बाक वरच्या, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीवर आला. अशा रुग्णांमध्ये जुळलेल्या मणक्याच्या वरची गादी लवकर झिजते, ती याचमुळे.

विद्यार्थ्यांनी ही प्रतिकृती जरूर घ्यावी. जुळलेल्या मणक्याचा सुटा भाग मिळेल का, असे मी विक्रेत्याला विचारले होते. ‘मॅडम, आमच्याकडे सगळे नॉर्मलच येतात’ असे उत्तर मिळाले.